एकसष्टचं गणित

१७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. पहिल्याचा वर्ग करा. दुसऱ्याचा वर्ग करून त्याला ६१ने गुणा. वजाबाकी बरोबर १ येते. मी हे जावास्क्रिप्टमध्ये करून पाहिलं, तर उत्तर आलं ०. क्षणभर वाटलं, भास्कराचार्यांची चूक सापडली! चूक अर्थात माझी होती. दोन्ही गुणाकार १९ अंकी, आणि जावास्क्रिप्टचा साधा आकडा पंधरा-सोळा अंकांपुढे शेवटचे अंक गोल करून टाकतो. बिगइंट वापरला आणि हरवलेला १ हजर झाला. कोड लिहून पगार घेणाऱ्याला हे आधी सुचायला हवं होतं.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात हे उदाहरण दिलं : कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग होतो? ६१च का? शेजारी बघा. ६०साठी उत्तर ३१ आणि ४. ६२साठी ६३ आणि ८. मधल्या ६१साठी मात्र सर्वांत छोटं उत्तर कोट्यवधींत. एकेक संख्या तपासत बसलो तर बावीस कोटी फेऱ्या! म्हणजे उदाहरण मुद्दाम निवडलंय, हे उघड आहे.

त्यांची रीत म्हणजे चक्रवाल. अंदाजाने सुरुवात करायची : ८चा वर्ग ६४, वजा ६१, उरले ३. एक फेरी फिरवली की ३९ आणि ५ मिळतात : १५२१ वजा १५२५, म्हणजे उणे ४. इथे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ ही इ.स. ६२८ची जोडणीची युक्ती कामी येते. तिने २९७१८ आणि ३८०५, फरक उणे १. हीच जोडी स्वतःशी जोडली की उत्तर. कागदावर अर्ध्या पानात मावतं. मी करून पाहिलंय.

१६५७मध्ये फ्रान्सच्या फर्माने हाच ६१ आपल्या मित्रापुढे टाकला. त्याला भास्कराचार्य माहीत असल्याचा काही पुरावा नाही. ते कोडं इंग्लंडमध्ये ब्राउंकरने सोडवलं आणि ऑयलरच्या गैरसमजाने समीकरणाला नाव पडलं पेलचं, ज्याचा त्यात काही हातच नव्हता. याचा राग येतो. पण ‘सगळं आपल्याकडेच होतं’ छापाचे फॉरवर्डही मला पटत नाहीत. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधी जयदेवांकडे होती, आणि उत्तर दरवेळी मिळतंच याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली.

चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची ही नोंद. दगडावर कोरण्याइतकं त्या अभ्यासक्रमाचं मोल होतं. त्या मठात हा ६१ कुणी फळ्यावर सोडवला असेल का, कोण जाणे.

फर्माने ६१सोबत १०९ही विचारला होता. त्याची मोठी संख्या १५८०७०६७१९८६२४९. तिच्या वर्गाला ६४ बिटही पुरत नाहीत.