औद्योगिक बॅगपाइप पथके

औद्योगिक बॅगपाइप पथके म्हणजे कोळशाच्या खाणी, कारखाने, मद्यनिर्मितीचे उद्योग किंवा व्यापारी कंपन्या यांच्या नावाने, आणि बहुधा त्यांच्या आश्रयाने, चालणारी बॅगपाइप व ढोल यांची वादकपथके होत. स्कॉटलंडचा मध्य पट्टा आणि फाइफ परगणा हा त्यांचा मुख्य प्रदेश. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा प्रसार झाला आणि १९५० व १९६० च्या दशकांत ती ऐन भरात होती. पुढे खाणी बंद झाल्या, कंपन्या विकल्या गेल्या. तरीही यांतील काही पथके आपल्या जन्मदात्या उद्योगापेक्षा अधिक काळ टिकली.

वाद्य आणि पथकाची रचना

स्कॉटिश हायलँड बॅगपाइप हे मशकीत हवा साठवून वाजवायचे सुषिर वाद्य आहे. त्याच्या चँटर या नळीवर नऊ सूर निघतात, तर खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या एकच आधारसूर अखंड धरून ठेवतात. मशकीतील हवेमुळे वादकाने श्वास घेतला तरी सूर तुटत नाही. या वाद्याचा आवाज लहानमोठा करता येत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही. म्हणून लागोपाठ येणारे समान सूर वेगळे दाखवण्यासाठी अतिशय द्रुत कणस्वरांचा आधार घ्यावा लागतो. पथकात पाइपवादकांबरोबर साइड ड्रम, टेनर ड्रम आणि एक मोठा बास ड्रम असतो. पथकप्रमुखास पाइप मेजर म्हणतात.

दहा-पंधरा चँटर एका सुरात मिळवणे हे पथकाचे सर्वांत कठीण काम होय. त्यासाठी सारख्या घडणीची वाद्ये, सरावाची कायमची जागा आणि वर्षभर टिकणारी माणसे लागतात. शिवाय गणवेशाचा खर्च मोठा असतो. एकट्यादुकट्या खाणकामगाराला हे परवडण्यासारखे नव्हते. उद्योगाचा आश्रय का मोलाचा होता, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथेच मिळते.

पार्श्वभूमी

पाइप व ढोल यांचे संयुक्त पथक ही मूळची लष्करी व्यवस्था आहे. ब्रिटिश सैन्यातील हायलँड पलटणींना १८५४ मध्ये प्रत्येकी एक पाइप मेजर व पाच पाइपवादक ठेवण्याची अधिकृत परवानगी मिळाली. नागरी पथके त्यानंतर काही दशकांनी निघाली. ग्लासगोजवळच्या गोव्हन येथील पोलिसांचे पथक १८८३ मधले, तर फॉलकर्कजवळच्या वॉलेसस्टोन या खाणवस्तीतील पथक १८८७ मधले असून, दोन्हींची गणना सर्वांत जुन्या नागरी पथकांत होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी हे वादन आपापल्या गावी नेले आणि खाणवस्त्यांना तयार वादक मिळाले.

इंग्लंडमधील कारखान्यांनी मुख्यतः पितळी वाद्यांची पथके पोसली. यॉर्कशरमधील ब्लॅक डाइक या कापडगिरणीचे पथक (१८५५) आणि ग्राइमथॉर्प या खाणीचे पथक (१९१७) ही त्यांची ख्यातनाम उदाहरणे. स्कॉटलंडच्या खाणवस्त्यांतही पितळी वाद्ये होतीच; त्यांच्या जोडीला तेथे पाइप पथके उभी राहिली.

खाणींची पथके

१९२० च्या खाण उद्योग कायद्याने काढलेल्या कोळशाच्या प्रत्येक टनामागे एक पेनी कल्याण निधीस देणे मालकांवर बंधनकारक केले. या निधीतून खाणवस्त्यांत कामगारांची सभागृहे, वाचनालये आणि क्रीडांगणे उभी राहिली. पथकांना सरावासाठी छप्पर मिळाले ते अशा वास्तूंमधून. पथकाचे काम केवळ स्पर्धेपुरते नसे. कामगारांचे वार्षिक मेळावे, मिरवणुका, लग्ने आणि अंत्ययात्रा यांत त्याला मान असे, आणि खाणीतील अपघातांची परंपरा पाहता यांतील शेवटचे काम क्वचित येणारे नव्हते.

फाइफमधील कार्डेंडन येथील बोहिल खाणीचे पथक या परंपरेचे ठळक उदाहरण आहे. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षी स्कॉटिश पाइप बँड असोसिएशनने (स्थापना १९३०) भरवलेल्या जागतिक स्पर्धेत बोहिलने विजेतेपद मिळवले. मालक बदलला तरी ढोलावरील खाणीचे नाव तेच राहिले. खाण मात्र १९६५ मध्ये बंद झाली. त्याच परगण्यातील ईस्ट वीम्स येथील मायकेल खाणीचेही पथक होते. तेथे ९ सप्टेंबर १९६७ रोजी भूगर्भात आग लागून नऊ कामगार मृत्युमुखी पडले आणि खाण पुन्हा सुरू झाली नाही. फाइफच्याच डायझार्ट अँड डंडोनाल्ड या पथकाने १९७७ व १९७८ अशी सलग दोन वर्षे जागतिक विजेतेपद मिळवले. त्याच्या नावातील दोन्ही गावे कोळशावर वाढलेली होती.

लॅनर्कशरमधील शॉट्स या गावी लोखंडाचा कारखाना आणि भोवताली खाणी होत्या. तेथील शॉट्स अँड डाइकहेड कॅलेडोनिया पथक १९१० मध्ये स्थापन झाले. हे पथक कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नव्हते, नावही गावाचेच होते. कारखाना १९४७ मध्ये बंद पडला आणि पुढच्याच वर्षी पथक जगज्जेते ठरले. १९५७ ते १९६० अशी सलग चार वर्षे त्याने हे पद राखले. याच काळात अ‍ॅलेक्स डथार्ट यांनी या पथकातून साइड ड्रमच्या वादनाला नवे वळण दिले. २०१५ पर्यंत त्याची सोळा जागतिक विजेतेपदे झाली. नावात कंपनी नसणे हे शॉट्सच्या दीर्घायुष्याचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. पण त्याचे महत्त्व पुढील उदाहरणांवरून लक्षात येते.

कारखान्यांची व कंपन्यांची पथके

ग्रेंजमाउथ येथील म्यूरहेड अँड सन्स या इमारती लाकडाच्या व्यापारी पेढीचे पथक हे या वर्गातील सर्वांत यशस्वी पथक होय. पाइप मेजर रॉबर्ट हार्डी यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९६५ ते १९६९ अशी सलग पाच जागतिक विजेतेपदे मिळवली. हार्डी हे स्वतः ग्लासगोत बॅगपाइप घडवण्याचा व्यवसायही करीत. एवढ्या कीर्तीनंतरही हे पथक पुढे विसर्जित झाले.

मद्यनिर्मिती उद्योगाला पाइपचे आकर्षण वेगळ्या कारणाने होते. व्हिस्की परदेशी विकताना किल्ट आणि पाइप हीच तिची आयती जाहिरात ठरे. उत्तर स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन मद्यनिर्माणीने १९६० च्या दशकात डोनाल्ड शॉ रॅमझी यांच्यासारखा नामांकित पाइप मेजर आणून पथक उभे केले, पण ते अल्पायुषी ठरले. ग्लासगोतील रेड हॅकल पथकाने तर व्हिस्कीच्या छापाचेच नाव धारण केले होते. येथे पथक आणि कामगारवस्ती यांचा संबंध विरळ होतो. वादक हा कारखान्यातला सहकारी असण्यापेक्षा कंपनीचा चेहरा अधिक असतो.

ब्रिटिश कॅलेडोनियन या विमान कंपनीच्या पथकाची गोष्ट याच वळणाची आहे. ही कंपनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली आणि तिचे नाव धारण करणाऱ्या पथकावर आश्रयदाता शोधण्याची वेळ आली. ते पुढे वीजपुरवठा उद्योगाच्या आश्रयास गेले आणि स्कॉटिशपॉवर या नावाने वरच्या श्रेणीत वाजवीत राहिले. वादक तेच, नाव मात्र नवे.

नावाचा व वाद्यांचा प्रश्न

औद्योगिक पथकाची खरी मालकी कोणाची, हा प्रश्न उद्योग चालू असेपर्यंत सहसा विचारला जात नसे. वाद्ये व गणवेश कंपनीचे किंवा कल्याण निधीचे, तर कौशल्य वादकांचे आणि प्रेक्षक गावाचे, अशी ती गुंतागुंत होती. वेस्ट लोदियनमधील व्हिटबर्नजवळची पोलकेमेट खाण १९८४-८५ च्या संपाच्या काळात पाण्याने भरली आणि कायमची बंद झाली. पथक मात्र ग्रोरूड या कंपनीचे नाव जोडून ‘पोलकेमेट ग्रोरूड’ म्हणून स्पर्धांत उतरत राहिले. बुडालेल्या खाणीचे नाव आधी आणि पैसे देणाऱ्याचे नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

स्पर्धांचे स्वरूपही या काळात बदलले. १९८१ ते १९८६ या सलग सहा वर्षांत जागतिक विजेतेपद स्ट्रॅथक्लाइड पोलीस पथकाकडे होते. खाणींप्रमाणे पोलीस दल बंद पडण्याचा धोका नव्हता. १९८७ मध्ये कॅनडातील ७८ फ्रेझर हायलँडर्स हे जगज्जेते ठरलेले स्कॉटलंडबाहेरचे पहिले पथक झाले.

दक्षिण आशियात

भारतीय उपखंडात पाइप पथके लष्करामार्गे आली आणि मुख्यतः लष्कर, पोलीस व शाळा यांतच रुजली. बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतही पाइप पथकाची परंपरा आहे. उद्योगाशी या वाद्याचा उपखंडातील संबंध वादनापेक्षा निर्मितीतून अधिक आला: पाकिस्तानातील सियालकोट हे बॅगपाइप तयार करणारे मोठे केंद्र असून तेथील वाद्ये जगभर निर्यात होतात.