सामन माशाची काठी आणि तिच्यामागचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. पण घरातल्या कोनाड्यात उभी करून ठेवलेली एखादी साधी वस्तूही इतिहास सांगत असते. आज मी तुम्हांला अशाच एका वस्तूची हकीकत सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे मासे धरण्याची काठी. ही काठी आपल्या ओढ्यावरची नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएटल शहराजवळच्या प्यूजेट साउंड नावाच्या खाडीत आणि तेथून उत्तरेला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सामन मासा धरण्यासाठी ती वापरतात. तिला तिकडे ‘मूचिंग’ची काठी म्हणतात.

आधी हा मासा कसा आहे ते पाहू. आपल्याकडचे इंग्रज साहेब रावसाला ‘हिंदी सामन’ म्हणत असत. पण रावस वेगळा आणि सामन वेगळा. दोघांचे काही नाते नाही. पॅसिफिक महासागरातला सामन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि शेवटी बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत परत येऊन अंडी घालतो व मरतो. माहेरी येऊन देह ठेवावा, तसेच हे. त्यांतला चिनूक जातीचा सामन सर्वांत मोठा, म्हणून त्याला तिकडे ‘राजा’ म्हणतात.

आता ‘मूचिंग’ म्हणजे काय? इंग्रजीत या शब्दाचा एरवीचा अर्थ रिकामटेकडे भटकणे किंवा फुकट उपटणे असा आहे. पण मासेमारीतली ही रीत काही आळशी माणसाची नव्हे. होडी भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडून द्यायची. हेरिंग नावाचा तारलीसारखा चंदेरी लहान मासा घ्यायचा, त्याचे डोके तिरपे कापायचे आणि धड गळाला लावायचे. काप तिरपा असल्यामुळे ते आमिष पाण्यात गिरक्या घेते आणि जखमी माशासारखे दिसते. थोडे शिसे लावून ते खोल सोडायचे, हळूहळू वर ओढायचे, पुन्हा सोडायचे. सामन पुष्कळदा आमिष घेऊन वरच्या दिशेने पोहतो. त्यामुळे दोरीला हिसका बसत नाही. उलट ती एकदम सैल पडते. ते ज्याच्या हाताला कळले, त्याला मासा मिळाला! म्हणून ही काठी लांब असते, साधारण साडेआठ ते साडेदहा फुटांची. तिचे टोक मऊ आणि लवचिक, पण बुंधा दणकट.

पूर्वी अशा काठ्या बांबूच्या असत. येथे आपल्या देशाचा संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबूच्या चिपा काढून, त्या तासून व एकमेकींना चिकटवून काठ्या बनवू लागले. तेव्हा त्यांनी जो बांबू वापरला, तो हिंदुस्थानातून जाई आणि त्याला ‘कलकत्ता बांबू’ असेच नाव पडले होते. पुढे चीनमधला टोंकिन बांबू अधिक सरळ व चिवट ठरला आणि विसाव्या शतकात त्याने आपल्या बांबूची जागा घेतली. मग १९५० साली कोरियाचे युद्ध चालू असताना अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. राजकारण झाले दोन सरकारांचे, आणि बांबू तुटला काठी करणाऱ्या कारागिराचा!

पण तोवर दुसरी वस्तू आली होती. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या शेक्सपिअर कंपनीने काचेच्या तंतूंची काठी बाजारात आणली. तिला आपण फायबरग्लास म्हणतो. ती स्वस्त होती, भिजून कुजत नव्हती आणि वाकली तरी सहसा मोडत नव्हती. १९७० नंतरच्या दशकात ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनच्या तंतूंची, हलकी काठी आली. माशाने नुसते तोंड लावले तरी तिच्यातून हाताला कळते.

श्रोतेहो, आता या काठीच्या हकीकतीतले एक दुःखाचे प्रकरण सांगितले पाहिजे. मूचिंगची कला सिएटलच्या उपसागरात वाढली, त्यात जपानी वंशाच्या मच्छीमारांचा मोठा वाटा होता. त्यांनी ‘टेंगू’ नावाचा क्लब काढला होता. टेंगू हे जपानी दंतकथांतले लांब नाकाचे पात्र. मच्छीमार आपल्या माशाची लांबी किती वाढवून सांगतात हे तुम्हांला माहीत आहेच; तेव्हा नाव शोभून दिसते. पुढे ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत नेले. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. हातात नेता येईल तेवढेच सामान बरोबर घ्यावयाचे होते. त्यात नऊ फुटांच्या काठीला जागा कोठून असणार! कॅनडात तर सरकारने त्यांच्या सुमारे १,२०० मासेमारी होड्या ताब्यात घेतल्या आणि पुढे त्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या. तेथील जपानी वंशाच्या लोकांना १९४९ पर्यंत किनाऱ्यावर परतता आले नाही. दोन्ही सरकारांनी माफी मागितली ती १९८८ साली.

छावणीतून परतलेल्या सिएटलकरांनी युद्धानंतर आपली हिवाळी शर्यत पुन्हा सुरू केली. तिचा नियम साधा होता: मूचिंगच करायचे, चकाकणारी कृत्रिम आमिषे चालणार नाहीत. ज्यांचे बरेच काही हिरावले गेले होते, त्या माणसांनी आपल्या हातची विद्या मात्र सोडली नाही. मला या नियमात नुसता खेळाचा नियम दिसत नाही.

यानंतर यंत्र आले. त्याला ‘डाउनरिगर’ म्हणतात. होडीच्या काठावर एक गिरकी बसवलेली असते. तिच्या तारेला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा. आपली दोरी त्या तारेला एका चिमट्याने अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि पुढे झुंज फक्त काठीची व माशाची राहते. हे साधन विशेष पसरले ते अमेरिकेच्या महासरोवरांवर. १९६६ साली मिशिगन राज्याने आपल्या नद्यांत पॅसिफिकचे कोहो सामन सोडले आणि पुढच्याच वर्षी ते मोठे होऊन परतू लागले. उन्हाळ्यात हे मासे खालच्या थंड पाण्यात जातात. म्हणून आमिष नेमक्या खोलीवर नेणारे साधन हवे झाले.

आता तुम्ही विचाराल, शिशाचा गोळा यंत्र सोडते, तर मग जुनी लांब काठी कशाला? येथेच खरी गंमत आहे. डाउनरिगरवर काठी धनुष्यासारखी वाकवून ठेवावी लागते. मासा ओढतो, दोरी चिमट्यातून सुटते आणि क्षणभर सैल पडते. त्या क्षणी वाकलेली काठी झटक्यात सरळ होऊन तो सैलपणा खाऊन टाकते. काठी आखूड आणि ताठ असेल, तर सैल दोरीत मासा गळ झटकून देतो. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सामनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ वापरण्याचा कायदा आहे. अशा गळावर दोरी सैल पडणे म्हणजे मासा जवळजवळ गेलाच. म्हणून जाणती माणसे काठी निवडताना दोन प्रश्न विचारतात: ती तासन् तास वाकून राहील काय? आणि मासा लागल्यावर तिचा बुंधा ताकद देईल काय? हातात धरून मूचिंग करणाऱ्याला ग्रॅफाइटची हलकी काठी बरी वाटते. डाउनरिगरवर मात्र पुष्कळांना जुन्या फायबरग्लासची संथ, मऊ काठीच अधिक भरवशाची वाटते. नवे ते सर्व चांगले, असे येथे तरी ठरत नाही.

पण काठी कितीही चांगली असली, तरी मासा उरला पाहिजे. कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरण झाले, ते माशांना वर चढण्याची वाट न ठेवता. त्यामुळे वरच्या खोऱ्यातला सामन नाहीसा झाला. १८५४-५५ साली तेथील आदिवासी जमातींशी झालेल्या तहांत त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला होता. तरी पुढे तो हक्क बजावणाऱ्यांनाच अटक होऊ लागली. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना १९४५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पहिल्यांदा पकडले. नंतर ते पन्नासांहून अधिक वेळा पकडले गेले. अखेर १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला की, धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा या जमातींचा आहे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला. तरीही १९९९ मध्ये प्यूजेट साउंडचा चिनूक धोक्यातल्या जीवांच्या यादीत गेला. वाटा ठरला, पण वाटायचेच कमी झाले.

शिक्षकबंधूंनो, तुमच्या वर्गातल्या मुलांना एक काम सांगा. घरातली एक जुनी वस्तू निवडायची, मग ती पाभर असो, जाते असो की कोळ्याचे जाळे. ती कशाची केली, तो माल कोठून आला, ती कोणाच्या हातांनी सुधारली आणि कोणाच्या हातून काढून घेतली गेली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणायचे. त्यांतला शेवटचा प्रश्न मुले बहुधा विसरतील. तो तुम्ही आठवणीने विचारा.