उलाळ

बडोद्याच्या नागरवाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुतण्याची पिकअप उभी असते. त्याचा मंडपाचा धंदा. लोखंडी पाइप, गालिच्यांच्या वळकट्या, कापडाचे गठ्ठे, खुर्च्यांच्या चळती, सगळं त्याच एका गाडीवर चढतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, बडोद्याचा मोठा भाग पाण्याखाली आला आणि ह्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरलं. ऐन गणपतीच्या दिवसांत गाडी गॅरेजात आणि धंदा बंद. त्या महिन्यात त्याने मनाशी पक्कं केलं, गाडी उंच करायची.

दिवाळीनंतर केलीही. २१५/७५ आर १५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर १५ बसवले. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या माथ्यावर दोन-दोन इंची जाड चकत्या घातल्या. ह्या चकतीला मिस्त्री स्पेसर म्हणतात, आणि बाजारात हा सगळा सरंजाम 'लेव्हलिंग किट' नावाने मिळतो. मोकळी पिकअप मुळात नाक खाली आणि पाठ वर अशी उभी असते. किट बसल्यावर ती पुढून-मागून एका रेषेत आली, आणि गल्लीतली पोरं तिच्याभोवती फिरून फोटो काढू लागली. मलाही ती देखणी वाटली.

आठ दिवसांनी डभोईकडच्या एका लग्नाचं सामान भरलं. संध्याकाळची वेळ. पुतण्याचे आजोबा, आमचे अप्पा, ओट्यावर बसले होते. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "उलाळ झाली रे ही. अशी नेऊ नको."

पुतण्याला शब्द कळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मीही हा शब्द तीस-चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. अप्पांचं लहानपण खानदेशात आजोळी गेलं, बैलगाडीवर गेलं. तिथून तो शब्द त्यांच्यासोबत बडोद्याला आला आणि इतकी वर्षं नुसता पडून राहिला होता.

उलाळ म्हणजे गाडीत मागच्या बाजूला भार जास्त होऊन पुढची बाजू उचलली जाणं. दोन चाकांच्या गाडीत सगळा हिशेब आसाभोवती फिरतो. आसाच्या पुढचं ओझं जू खाली दाबतं, मागचं ओझं जू वर उचलतं. पुढे फार भरलं तर बैलांच्या माना दबून सोलवटतात. मागे फार भरलं तर जू बैलांच्या मानेवरून उठतं, जोताचे पट्टे गळ्याशी आवळतात, आणि चढावर तर गाडी बैलांसकट मागे झुकते. गाडी भरणारा जाणता माणूस म्हणूनच शेवटचं पोतं ठेवण्याआधी धुरा हाताने उचलून बघायचा. मानेवर थोडा भार राहिला पाहिजे, पण थोडाच. अप्पा सांगतात, चढ लागला की गाडीवान पुढे सरकून धुरेच्या बुडाशी बसायचा आणि उतारावर मागे जायचा. साठ-सत्तर किलोचं स्वतःचं शरीर तो वजनाच्या मापासारखं गाडीत पुढे-मागे हलवायचा. लेव्हलिंग म्हणतात ते हेच. त्याला चकती लागत नव्हती, बसायची जागा बदलली की झालं.

गुजरातीत तर ह्या शब्दाला जोडीदारही आहे. मागे झुकलेली ती उलाळ, पुढे दबलेली ती धराळ. पुढे-मागे कुणी नसलेल्या एकट्या माणसाबद्दल गुजरातीत म्हणतात, 'आगळ उलाळ नहि ने पाछळ धराळ नहि'. किट बसवणाऱ्या गुजराती मिस्त्रींना मी दुसऱ्या दिवशी अप्पांचा शब्द सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांच्या आजोबांचा गाडा होता, म्हणाले. हिंदीत हाच शब्द उलार होतो. म्हणजे जिथे जिथे दोन चाकांवर ओझं वाहिलं गेलं, त्या पट्ट्यात हा शब्द टिकला. आमच्या बडोदेकर मराठीला तो दोन्ही बाजूंनी मिळायला हवा होता, आणि दोन्ही बाजूंनी निसटत चालला होता.

ह्या गाडीचं कूळ फार जुनं आहे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यात एक छोटी गाडी आहे, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. दोन भरीव चाकं, लांबलचक धुरा, तिला जुंपलेले दोन बैल आणि गाडीत उभा एक माणूस. मागे दोन चाकांची गाडी, पुढे खेचणारे बैल आणि मध्ये तोल सांभाळणारा माणूस ही मांडणी त्या छोट्या गाडीच्या काळापासून आपल्या ओळखीची आहे.

मात्र महाराष्ट्रातली मालाची बैलगाडी वाटते तितकी एकसलग सुधारत आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही सोलापूर-पुण्याच्या बाजूला भरीव दगडी किंवा लाकडी चाकांचे अवजड गाडे चालत. त्यांना बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपाव्या लागत, म्हणून बराचसा माल बैलांच्या पाठीवरूनच जाई. १८३०-४०च्या दशकात जमीन मोजणीच्या कामावर आलेल्या गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला आणि आऱ्यांच्या चाकांची, दोन बैलांना झेपेल अशी हलकी गाडी तयार करवली. आज आपण जिला 'पारंपरिक बैलगाडी' म्हणून मिरवणुकीत सजवतो, तिच्या घाटाचा बराच भाग एवढा अलीकडचा आहे.

त्या चाकाला बसते ती धाव, म्हणजे लोखंडी पट्टा. आपल्याकडे टायर हा शब्द येण्याआधीचा टायर. धाव चढवण्याचा दिवस गावात वेगळाच असे. पट्टा मुद्दामच चाकाच्या घेरापेक्षा थोडा तोकडा घडवलेला असतो. तो जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्या रचतात आणि पेटवून देतात. पाच फुटी चाकाची धाव पाचशे अंश तापली तर घेरात इंचभर वाढते. तेवढ्या इंचभराच्या संधीत तिघं-चौघं चिमट्यांनी ती उचलून चाकावर घालतात. लाकूड पेटतं, धूर होतो, लोहार चारी बाजूंनी घण घालतो आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसतं, आणि आकसताना प्रत्येक आरा तुंब्यात करकचून बसवतं. लाकडाचे सांधे बोलतात, असं अप्पा म्हणतात. मी तो आवाज ऐकलेला नाही, पण ते सांगताना त्यांचा हात आपोआप कानाशी जातो.

चाक पाच फुटी का? कारण काळी माती. वडोदरा-भरूचच्या कानम पट्ट्यात आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडात पावसाळ्यात माती अशी धरते की गाड्यांच्या वाटेवर हातभर खोल चर पडतात. ह्या चरांनाच आपण चाकोरी म्हणतो. चाकोरी खोल झाली आणि चाक लहान असलं की आस मधल्या उंचवट्याला टेकतो आणि गाडी तिथेच बसते. पुतण्याने मोठे टायर घातले त्यामागचं कारण आणि सुताराने मोठं चाक केलं त्यामागचं कारण एकच. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अरुंद लोहमार्ग टाकला तोही ह्याच मातीतून कापूस बाहेर काढायला. सुरुवातीला त्या रुळांवरचे डबे बैलच ओढत होते. रूळ म्हणजे कधीच खोल न होणारी चाकोरी, एवढंच त्या बैलांच्या लेखी बदललं असेल.

बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. ती आली घोडागाडीतून. लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ साली कमानदार स्प्रिंगांचं पेटंट घेतलं. त्याआधी बग्गीचं खोकं चामडी पट्ट्यांवर टांगत. ही नवी वस्तू आपल्याकडे आली तेव्हा आपल्या लोकांनी तिला फारसीतून आधीच घरात आलेला शब्द दिला, कमान. तीरकमानीतली कमान. घड्याळाच्या आतल्या गुंडाळलेल्या पट्टीलाही मराठीत कमानच म्हणतात. वाकवलं की परत यायला धडपडतं ते कमान, ही ओळख मला फार नेमकी वाटते. बडोद्यात त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली १८९० साली तंत्रशिक्षण देणारं कलाभवन सुरू झालं. पुढे १९३१ साली सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू' आठ भाषांत काढवला. दरबाराने शब्दांची एवढी काळजी घेतली, पण कमान, पाटा, धाव हे शब्द कुठल्या कोशाने घडवले नाहीत. ते लोहाराच्या भात्याशी तयार झाले.

आजही ट्रकच्या स्प्रिंगची दुरुस्ती करणाऱ्याच्या पाटीवर कमान हाच शब्द असतो. एकावर एक पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, सगळ्यात लांब तो मेन पाटा, खाली उतरत्या लांबीचे. मधोमध सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंना यू-बोल्ट. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच खड्ड्याचा बराच धक्का जिरतो. वर्षानुवर्षं ओझं वाहून वाक गेला की मिस्त्री म्हणतो, कमान बसली. मग पाटे सोडवून, घणाने ठोकून त्यांना पुन्हा गोलाई देतात, नाहीतर एक पाटा वाढवतात.

फोर्डने कारखान्यातूनच मागे हौदा लावलेली पहिली पिकअप १९२५ साली विकायला काढली. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर जीपच्या पाठीवर हौदे चढले, १९८८ साली टाटामोबाइल आली, २००५ साली छोटा हाथी. चाकं चार झाली, तशी उलाळ संपली असं वाटावं. पण ती संपली नव्हती, कारखान्यात बसून कुणीतरी तिचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता. पिकअपमधलं ओझं जवळजवळ सगळं मागच्या आसावर येतं. म्हणून मागची कमान ताठ आणि उंच ठेवतात. मोकळ्या गाडीची पाठ जी वर दिसते, ती दीड टन माल भरल्यावर खाली येण्यासाठी राखून ठेवलेली जागा असते. माल भरला की गाडी आपोआप सपाट होते. गाडीवान पुढे-मागे सरकून जे करायचा, ते इथे त्या तिरकेपणात आधीच करून ठेवलेलं असतं.

पुतण्याच्या चकत्यांनी नेमकी तीच जागा खाऊन टाकली. मोकळी गाडी सपाट झाली, म्हणून भरलेली गाडी मागे झुकली. त्या संध्याकाळी तो अप्पांचं न ऐकता निघालाच. डभोई रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण त्याला दिवे मारत होता. गाडीच्या दोन आसांत साधारण तीन मीटर अंतर. पुढचं टोक दोन इंच उचललं तर पंचवीस मीटरवर दिव्याचा झोत चाळीस सेंटिमीटर वर जातो, आणि मागचं ओझं तो आणखी चढवतं. रस्त्याऐवजी त्याला झाडांच्या फांद्या दिसत होत्या. स्टिअरिंग हलकं लागत होतं, कारण पुढच्या चाकांवर पुरेसा भार नव्हता. एका वळणावर गाडी रस्ता सोडून शेताच्या कडेपर्यंत गेली. कुणाला लागलं नाही. पाइप मात्र बांधाखाली सांडले, आणि मंडप मध्यरात्रीनंतर उभा राहिला.

टायरचीही एक गोष्ट त्याला नंतर कळली. व्यास तीन सेंटिमीटरने वाढला, पण आस उचलला गेला दीडच सेंटिमीटर, आणि वेगाचा काटा कमी दाखवू लागला. काट्यावर ८० दिसत तेव्हा गाडी ८३ने धावत असे. कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं.

त्याची चूक झाली, पण त्याची भीती खोटी नव्हती, हेही मला सांगायचंय. इंजिनात गढूळ पाणी शिरलेलं ज्याने पाहिलंय त्याला गाडी उंच हवीशी वाटणारच. त्याने फक्त रिकाम्या गाडीकडे पाहून भरल्या गाडीचं ठरवलं.

चकत्या निघाल्या, टायरही जुन्या मापाचे आले. आता सामान भरताना जड पाइप केबिनच्या पाठीला टेकून सगळ्यात आधी चढतात, खुर्च्या शेवटी. दोऱ्या आवळून झाल्या की पुतण्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसतो आणि टायर आणि पत्रा ह्यांच्या मधल्या फटीत हाताची बोटं आडवी घालून बघतो. मोकळ्या गाडीत तिथे किती बोटं मावतात ते त्याने एकदा मोजून ठेवलंय. ओट्यावरून अप्पा विचारतात, "काय रे?"

"नाही आजोबा, उलाळ नाही," तो म्हणतो, आणि गाडी चालू करतो.