जुना पपायरस, नवा मजकूर

आद्य ख्रिस्ती धर्माविषयीचा एखादा नवा अवशेष सापडल्याची वार्ता वृत्तपत्रांतून तत्काळ पसरते. तिचे खंडन मात्र सावकाश होते आणि थोड्यांच्याच कानी पडते. अशा वार्तेची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी, हे समजण्यासाठी २०१२ सालचे एक प्रकरण उपयुक्त आहे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात रोम येथे भरलेल्या कॉप्टिक विद्येच्या परिषदेत हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरन किंग ह्यांनी सुमारे आठ सेंटिमीटर रुंद व चार सेंटिमीटर उंच असा पपायरसचा तुकडा विद्वानांपुढे मांडला. त्यावरील साहिदिक कॉप्टिक मजकुरात येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द होते. येशू विवाहित होता असे ह्यावरून सिद्ध होत नाही, हे किंग ह्यांनी आरंभीच सांगितले. परंतु ‘येशूच्या पत्नीचे शुभवर्तमान’ हे त्यांनीच दिलेले नाव ह्या इशाऱ्यापेक्षा दूरवर पोहोचले. तुकडा कोठे सापडला ह्याची विश्वसनीय नोंद नव्हती आणि मालकाचे नावही गुप्त होते.

२०१४ साली प्रयोगशाळांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पपायरस सातव्या-आठव्या शतकांतील ठरला व काजळीची शाई प्राचीन शाईशी विसंगत आढळली नाही. तथापि जुना कोरा पपायरस मिळवता येतो आणि तशी शाई आजही तयार करता येते. पपायरसचे वय कळले, लेखनाचे नव्हे.

निर्णायक साक्ष भाषेने दिली. ह्या तुकड्यातील बहुतेक शब्दसमूह थॉमसच्या शुभवर्तमानातून उचलून जुळवलेले आहेत, हे फ्रान्सिस वॉटसन ह्यांनी २०१२ मध्येच दाखविले. पहिल्या ओळीत कॉप्टिक व्याकरणाला आवश्यक असे कर्मदर्शक चिन्ह गळले आहे; अँड्र्यू बर्नहार्ड ह्यांना नेमका तोच प्रमाद थॉमसच्या २००२ सालच्या एका संगणकीय आवृत्तीत मुद्रणदोष म्हणून आढळला. त्याच मालकाकडून आलेला, त्याच हस्ताक्षरातील योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा ख्रिश्चन अ‍ॅस्कलँड ह्यांनी २०१४ मध्ये तपासला. तो १९२४ साली छापलेल्या एका प्राचीन हस्तलिखिताच्या आवृत्तीतील एकाआड एक ओळ घेऊन लिहिलेला निघाला. शिवाय त्याची लायकोपोलिटन बोली सातव्या शतकापूर्वीच लेखनातून लुप्त झालेली होती. २०१६ साली एरियल सबार ह्या पत्रकाराने मालकाच्या पूर्ववृत्ताचा शोध घेतल्यावर, तुकडा बनावट असण्याचाच संभव अधिक, हे किंग ह्यांनी मान्य केले.

किंग ह्यांनी छायाचित्रे व मजकूर प्रारंभीच खुला केला म्हणूनच हे परीक्षण शक्य झाले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु प्राप्तिस्थानाचा प्रश्न, जो प्रथम विचारावयाचा, तो येथे शेवटी विचारला गेला. तसेच, तुकडा अस्सल ठरता तरी त्यावरून उत्तरकालीन ख्रिस्ती समाजातील विवाहविषयक वाद कळले असते. येशूचे चरित्र नव्हे. अस्सलपणा आणि पुरावा ह्या दोन भिन्न कसोट्या आहेत. पहिलीवर उतरलेली वस्तू दुसरीवरही उतरली असे गृहीत धरणे, हीच अशा सर्व वार्तांतील मूळ चूक होय.