सिद्धसाधन कीं संशोधन ? जव्हार-मोखाड्याच्या निमित्तानें कांहीं विचार

मंडळाच्या एका सभेंत जव्हार संस्थानाविषयीं बोलणें चाललें असतां विषय सहजच तेथील बालमृत्यूंकडे वळला. एक विद्वान् सभासद म्हणाले, "उपाशी पोर दगावतें हें कळण्यास संशोधन कशाला ? सरकारनें त्यावर पैसा खर्चावा म्हणजे नैयायिकांचा सिद्धसाधन दोषच झाला." आक्षेप वजनदार आहे. जें सिद्धच आहे तें पुन्हा साधूं पाहणें व्यर्थ, हें आम्हींही विद्यार्थ्यांस तीस वर्षें शिकविलें. तथापि जें सिद्ध म्हणून पुढें ठेविलें जातें तें खरोखर सिद्ध असतें काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम जव्हारचीच एक सर्वविश्रुत गोष्ट घेऊं. येथील पहिल्या कोळी राजानें वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यांत मावेल एवढी जमीन मागितली, आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या वाद्यांनीं सारा मुलूख वेढला, असें सांगतात. कार्थेजच्या डायडो राणीविषयींही हीच कथा आहे, हें इंग्रज गॅझेटियरकारांच्या ध्यानांत आलें होतें. एवढी जुळणी दिसतांच ती कथा इतिहासाच्या दप्तरांतून लोककथेच्या दप्तरांत जाते. महाभारत व्यासांनीं सांगितलें आणि गणपतीनें लिहून घेतलें, हें तर पोरासोरांसही ठाऊक. परंतु भांडारकर संस्थेंत १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या चिकित्सक आवृत्तींत पोथ्यांची साक्ष पाहून ती कथा मूळ पाठांतून काढून परिशिष्टांत घालावी लागली. त्या कार्यास संस्थानिकांप्रमाणें सरकारचाही पैसा लागला होता. छापील महाभारत बाजारांत मिळत असतां हा खटाटोप कशास, असें तेव्हांही म्हणतां आलें असतें. ज्यांनीं पोथ्या हाताळल्या आहेत त्यांस सांगावयास नको कीं सुगम पाठ हा पुष्कळदा लेखनिकाचा असतो, ग्रंथकाराचा नव्हे.

पोथींतील चुकीनें कोणी मरत नाहीं, असें कोणी म्हणेल. तर मुंबईच्या प्लेगकडे पाहावें. १८९६ सालीं सांथ आली तेव्हां रोग घाणींतून उठतो हें उघड मानून गटारें समुद्राच्या पाण्यानें व कार्बॉलिकनें धुतलीं गेलीं. प्लेगच्या आधीं उंदीर पडतात हें खेडुतांस ठाऊक होतें. पण उंदरापासून माणसापर्यंत रोग येतो कसा, हें त्यांस ठाऊक नव्हतें आणि साहेबासही नव्हतें. १८९८ सालीं पॉल सिमाँ या फ्रेंच वैद्यानें कराचीस पिसवांचा मार्ग दाखविला. त्यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग-संशोधन मंडळानें सरकारी खर्चानें पिंजऱ्यांत गिनीपिग ठेवून, पिसवांस वाट मोकळी ठेवून आणि वाट अडवून, तेंच पुनः पुन्हा ताडून पाहिलें, तेव्हां वाद मिटला. वरवर पाहतां हेंही सिद्धसाधनच. आमच्या मतें खरा अपव्यय गटारें धुण्यांत झाला.

आतां मूळ विषय. मोखाडा हा पूर्वी इंग्रजी अमलांतील शहापूर तालुक्याचा पेटा, जव्हार हें १९४८ पर्यंत मुकण्यांचें संस्थान. २०१४ पासून दोन्ही पालघर जिल्ह्यांत. डोंगरउतारावर नागली आणि वरई. पाऊस उदंड, आणि उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं पायपीट. भातकापणी आटोपली कीं बायकामुलांसह वीटभट्ट्यांकडे स्थलांतर. १९९२-९३ मध्यें जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हांपासून कारणें सांगणारे पुष्कळ झाले. कोणी अन्न नाहीं म्हणतो, कोणी रोगराई, कोणी लहान वयांतील लग्नें, कोणी भगताकडे जाणें, कोणी स्थलांतर. प्रत्येकास आपलें कारण स्वयंसिद्ध वाटतें. नैयायिकांच्या दृष्टांतांत कुंभाराचें गाढव माती वाहून आणतें, तरी तें घटाचें कारण नव्हे, अन्यथासिद्ध होय. या पांचांत कारण कोणतें आणि गाढव कोणतें, हें मोजल्यावांचून कसें कळावें ? शिवाय उपाशी पोर बहुधा न्यूमोनियानें किंवा हगवणीनें जातें; भुकेनें त्याची शक्ति आधींच खाऊन टाकलेली असते. म्हणून कागदावर रोगाचें नांव येतें आणि भूक उमटतच नाहीं. दप्तरें वाचणाऱ्यांस याचें मर्म निराळें सांगावयास नको. २००१ सालच्या 'कोवळी पानगळ' या अहवालासाठीं अनेक संस्थांनीं गांवोगांव बालमृत्यू मोजले, तेव्हां ते सरकारी नोंदींपेक्षां पुष्कळच अधिक निघाले.

मोजण्याचें फळ काय, तें गडचिरोलींत दिसलें. नवजात बालकाचा जंतुदोष रुग्णालयांतच बरा व्हावयाचा, खेड्यांतील अल्पशिक्षित बाईचें तें काम नव्हे, हें डॉक्टरवर्गास उघड वाटत होतें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ ते १९९८ या काळांत ३९ गांवीं अशा बायका शिकवून तयार केल्या व ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलेलें आढळलें. १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें तें प्रसिद्ध झालें. २०११ सालीं केंद्र सरकारनें ही पद्धति आशा कार्यकर्त्यांकरवीं देशभर स्वीकारली. खंत एवढीच, कीं त्या प्रयोगाचा खर्च मुख्यतः मॅकआर्थर व फोर्ड या अमेरिकन निधींनीं सोसला. आपल्या खजिन्यानें फळ घेतलें, बियाण्याचा खर्च मात्र केला नव्हता.

आक्षेपाचा एक अंश आम्हांस मान्य आहे. पोर तराजूंत घालावें, आंकडा लिहावा आणि निघून जावें, याचा त्या भागांतील आयांस वीट आला असल्यास नवल नाहीं. ज्या मुलाचें वजन आज कमी भरलें त्यास आहार आजच मिळाला पाहिजे; त्यासाठीं अहवालाची वाट पाहणें हा अन्याय होय. संशोधनाचा पैसा आणि आहाराचा पैसा एकाच थैलींतून काढूं नये, आणि जें निष्पन्न होईल तें प्रथम त्या पाड्यावर जाऊन सांगावें. जव्हार दरबाराचे मोडी रुमाल शोधीत हिंडणाऱ्या सभासदांस आमची एक विनंती आहे. अंगणवाड्यांतील वजनाच्या जुन्या वह्या कोठें जपून ठेविल्या जातात, कीं रद्दींत जातात, याचीही चौकशी त्यांनीं पुढील खेपेस तिकडे गेल्यावर करून मंडळास कळवावें.