रोलमधले शेवटचे फोटो

नेकनूरला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेच्या फॉर्मचे फोटो. छत्तीसचा रोल धुवायला बीडला जायचा. गिऱ्हाइकाला घाई असायची आणि रोलमध्ये दोन-तीन फोटो शिल्लक असायचे. ते मी गावातल्या भिंतींवर संपवायचो.

बाजाराच्या वाटेवर एका वाड्याची मागची भिंत होती. 1971 च्या निवडणुकीत तिच्यावर इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं गाय-वासरू रंगवलेलं. पुढे त्यावर चुना बसला आणि चुन्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. पावसाळ्यात भिंत ओल धरायची, उन्हाळ्यात पोपडे सुटायचे. एका वैशाखात त्रिकोणाच्या बरोबर मधला पोपडा गळाला आणि आतून गाईचा डोळा वर आला. लाल चौकटीतून गाय रस्त्याकडे बघत होती. ते चित्र कुणीच काढलेलं नव्हतं. असं चित्र मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

भिंत रंगवणं हे कसबाचं काम. सुतळी निळीत बुडवून दोघांनी ताणायची, मधे धरून सोडायची, की सरळ निळी रेघ उमटते. अक्षरं तिच्यावर बसवायची. गेरूत डिंक घालायचा, नाहीतर रंग बोटाला येतो. पेंटरांच्या आधीचं लिखाण फवारणीवाल्यांचं. 1958 मध्ये मलेरिया निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा डीडीटी मारून झालं की ते दाराशेजारी तारीख टाकून जात. पुष्कळ घरांच्या भिंतीवरचा पहिला आकडा तोच असावा.

पॅरिसमध्ये ब्रासाय नावाच्या फोटोग्राफरने 1930 च्या दशकापासून भिंतींवरच्या रेघोट्या टिपल्या. पत्ते वहीत लिहून ठेवायचा आणि वर्षांनी त्याच भिंतीपाशी परत जायचा. मी मात्र एकही तारीख लिहिली नाही, याची हळहळ अजून आहे.

1995 मध्ये मालमत्ता विद्रूपण रोखणारा कायदा आला, पण पेंटरचा हात थांबवला तो फ्लेक्सने. फ्लेक्स उतरवून लोक कडब्यावर झाकतात. मागे भिंतीत राहतात फक्त खिळ्यांची भोकं.

वाडा पडला, तिथे स्लॅबचं घर आलं. परवा एक तरुण आईच्या लग्नाचे फोटो मागायला आला. निगेटिव्ह शोधली, तर नवरीच्या फोटोंच्या पट्टीवरच शेवटी गाईचा डोळा निघाला. वाडा त्याच्या आजोळचा. भिंतीचाही एक फोटो काढून दिला. तो बराच वेळ उजेडाकडे धरून बघत राहिला.