क्रीडाश्रेष्ठत्वाची तुलना : नोंदी आणि नोंदींबाहेरचा इतिहास

भिन्न काळांतील आणि भिन्न खेळांतील खेळाडूंमध्ये श्रेष्ठ कोण, हा प्रश्न बहुधा गप्पांचा विषय समजला जातो. ऑस्ट्रेलियातील संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिस यांनी २००० साली त्याला गणिती उत्तर दिले. खेळाडू आपल्या खेळातील सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलनांनी वर आहे, हे त्यांनी मोजले. ब्रॅडमन ४.४, पेले ३.७, मायकेल जॉर्डन ३.४ असा क्रम लागला. साधने, नियम व खेळपट्ट्या यांतील फरक या पद्धतीने बराचसा दूर होतो, हे मान्य करावे लागेल. तथापि ही सरासरी कोणाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. ज्यांना खेळू दिले गेले, त्यांचीच ती सरासरी असते.

पालवणकर बाळू यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. पण पुण्यात त्यांना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. संघाच्या कर्णधारपदी त्यांची निवड कधीच झाली नाही. १९२३ मध्ये ते पद त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभले. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ मध्ये. तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. कसोटीच्या आकडेवारीत त्यांचे स्थान खालचे नाही. तेथे त्यांचे नावच नाही.

कुस्तीत तर सरासरी नावाची गोष्टच नसते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांची घडण आखाड्याच्या मातीत झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर खेळून ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. (क्रीडानिधीच्या कोणत्याही तक्त्यात ही रक्कम सापडणार नाही.) तेथील कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. खाशाबा १९८४ मध्ये निवर्तले. त्यांना मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर.